सुटी सुई मिळणार नाही

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सिगारेट सोडली आणि आमच्या घरातली एकही वस्तू धड राहिली नाही. आधी त्यांनी स्वयंपाकघरातला नळ खोलला. मग दाराची कडी. मग माझा मिक्सर, जो उत्तम चालत होता.

बाबा गोदीत क्रेन चालवायचे. अख्खी नोकरी दोन्ही हात दांड्यांवर ठेवून झालेली, आणि निवृत्तीनंतर दांड्यांच्या जागी सिगारेट आली. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो समोर धरून सांगितलं, "आता एक जरी ओढलीत तरी परत माझ्याकडे येऊ नका." बाबांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि घरी आले. तोंडाला त्यांनी समजावलं. हातांना कोण समजावणार? ते सारखे शिवशिवायचे.

"अहो, जरा नुसते बसा ना," सासूबाई म्हणायच्या.

"बसलोय की. हात बसत नाहीत."

श्वासाच्या व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात जावं लागायचं. तिथे नंबर येईपर्यंत बाकावर ताटकळणं आलंच. त्याच बाकावर एक बाई बसायची, शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर होती. तिचीही सिगारेट डॉक्टरांनी बंद केलेली. ती सारखी क्रोशाने काहीतरी विणत असायची. एकदा तिने पाहिलं, बाबा बाकाच्या फाटलेल्या रेक्झिनमधून कापूस उपसतायत.

"त्या बाकाने तुमचं काय घोडं मारलंय?" असं म्हणून तिने आपली सुई आणि लोकर त्यांच्या हातात दिली. "हे धरा. दोन्ही हात गुंतले ना, की तोंडाला काही आठवत नाही."

तिने त्यांना साखळी घालायला शिकवली. पुढच्या खेपेला खांब, म्हणजे साखळीवरचे उभे टाके. तिसऱ्या खेपेला बाबा घरी आले ते दोरीसारखी लांबलचक साखळी गळ्यात घालूनच. जेवायच्या टेबलावर ती पसरून मला म्हणाले, "बघ सूनबाई. तुझा मिक्सर सुटला."

खरंच सुटला. पण बाई सुई घरी न्यायला देत नव्हती, कारण तिच्याकडे ती एकच होती. तिने सांगितलं होतं, "पाच नंबरची घ्या. साधी ॲल्युमिनियमची, एकसंध, मधे जोड नको. टोकावरून नख फिरवून बघा. अडलं तर ठेवून द्या. आणि महाग बिलकूल घेऊ नका. ही माझी अगदी स्वस्तातली आहे, रंग उडाला तरी चालतेय."

म्हणजे काय हवं होतं? एक सुई. जगातली सगळ्यात सोपी खरेदी, असं मला वाटलं.

माझ्या नवऱ्याने फोनवर बघून ऑर्डर केली. एक सुई मागवायची तर पाठवण्याचा खर्च सुईपेक्षा जास्त, म्हणून त्याने अख्खा संच मागवला. सगळ्यात स्वस्त होता. आला तो चेन लावलेल्या पाकिटात. रंगीबेरंगी प्लास्टिकच्या मुठींच्या सुया, कात्री, टेप, कसल्या कसल्या पिना. दिसायला झकास. बाबांनी पाच नंबरची काढली, टोकावरून नख फिरवलं. नख अडलं.

"असू दे हो," नवरा म्हणाला. "एवढं काय बघायचं? सुई ती सुई."

त्या सुईने लोकर पिंजून काढली. प्रत्येक टाक्याला धागा फाटायचा, अर्धा आत, अर्धा बाहेर. बाबा दात-ओठ खात विणत राहिले. तिसऱ्या ओळीला मूठ त्यांच्या हातात राहिली आणि दांडी लोकरीत. चार नंबरची घेतली, तिचं टोक वाकलं. त्यांनी सगळं गोळा करून पाकिटात भरलं, चेन लावली आणि खाली गेले.

वर आले तेव्हा अंगाला सिगारेटचा वास होता.

सासूबाई आत निघून गेल्या. बाबा दाराशीच उभे राहिले, चपला न काढता. "एकच ओढली," माझ्याकडे बघत ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांचा राग यायच्या ऐवजी त्या सुयांच्या पाकिटाचा आला. नवऱ्याने संच परत करायला घेतला, तर उत्तर आलं, वापरलेला माल परत घेतला जात नाही. वापरल्याशिवाय तो मोडका आहे हे कळणार कसं? मी तसं लिहून पाठवलं. मला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आलं, आणि खाली, 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टीच्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "चला. आपण दुकानात जाऊ. नख फिरवूनच घेऊ."

"जाताय तर जा," नवरा म्हणाला, "पण बाबा, आणल्यावर ते गॅलरीत बसून नका हं करू. समोरचे बघतात."

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मात्र ऐकलं, आणि तेही मनात ठेवूनच घराबाहेर पडले.

हस्तकलेच्या सामानाचं ते दुकान चांगलं दोन मजली होतं. काचेचे दरवाजे, आत थंडगार, लोकरीच्या रंगांनी भिंती भरलेल्या. बाबा त्या रंगांकडे बघत हरखून उभे राहिले. एक विक्रेती लगबगीने आली आणि त्यांना ओलांडून माझ्याशी बोलायला लागली.

"काय दाखवू, मॅडम?"

"मला नाही, यांना हवंय. क्रोशाची सुई, पाच नंबर."

"अच्छा, आजींसाठी का?"

"माझ्यासाठी," बाबा म्हणाले.

तिने ओठ दाबून हसू आवरलं. म्हणजे आवरल्यासारखं केलं. मग ती आम्हाला एका कपाटाशी घेऊन गेली, त्याला कुलूप होतं. आत मखमलीवर सुया मांडलेल्या. लाकडी मुठीच्या, रबरी मुठीच्या, एकीच्या तर टोकाला दिवा लागत होता.

"ही हाताला आराम देते, काका. तुमच्या वयाला हीच बरी."

मी किंमत बघितली. तेवढ्यात आमच्या घरी आठवड्याची भाजी येते.

"साधी नाही का?" बाबांनी विचारलं. "ॲल्युमिनियमची?"

साध्या होत्या. खालच्या कप्प्यात, पुठ्ठ्यावर बसवलेल्या, वर पारदर्शक झाकण. झाकणाची फट रुंद होती, बाबांनी त्यातून नख घालून टोकं तपासली. एकही अडलं नाही. एकसंध, गुळगुळीत, हलक्या. अगदी त्या ड्रायव्हर बाईच्या सुईसारख्या. आणि किंमतही, सगळ्या सुयांत वाटली तर, नावापुरतीच. फक्त सगळ्या एका पुठ्ठ्यावर होत्या.

"यातली ही द्या," बाबा म्हणाले.

"सुटी मिळणार नाही. पूर्ण संच घ्यावा लागेल."

"मला एकच लागते."

"एकच येत नाही, काका."

"म्हणजे उद्या मला एक बटण पाहिजे असेल तर शर्ट घ्यायचा का?"

आवाज चढलेला ऐकून दुकानाचा मॅनेजर आला. गळ्यात पट्टा, तोंडावर कायमचं हसू. मी स्वतः चष्म्याच्या दुकानात फ्रेमा विकते, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या गळ्यात कसं मारतात ते मला कुणी शिकवायला नको. तो काय बोलणार ते मला आधीच माहीत होतं, आणि तो तेच बोलला. संचात जास्त फायदा. पुढे लागतीलच. आणि मग, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, "खरं सांगू का, आजोबा? असे छंद आठ-पंधरा दिवस टिकतात. आमच्याकडे नवशिक्यांसाठी छोटी पेटी आहे. लोकर, पुस्तक, सुई, सगळं. तीच घेऊन जा. नाही जमलं तर नातवंडांना खेळायला होईल."

बाबांनी त्याचा हात खांद्यावरून उचलला आणि त्याच्याच पोटाशी नेऊन ठेवला. हळूच. क्रेनवाल्याचा हात तो.

"छंद नाही हा," ते म्हणाले. पण पुढचं त्यांना बोलता येईना, दम लागला. मॅनेजर समजूतदारपणे मान हलवत राहिला, आणि त्या मान हलवण्याने माझं डोकंच फिरलं.

"त्यांना काय जमेल आणि काय नाही ते तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "तुमच्याकडे चांगली, स्वस्त सुई आहे. ती तुम्ही मुद्दाम अशी बांधून ठेवलीय की ज्याला एक हवी त्याने सगळ्यांचे पैसे मोजावेत. हे सरळ सांगा ना. फायदा कसला सांगताय?"

"मॅडम, कंपनीकडून असंच येतं."

"मग ज्यांना एकच पाहिजे ते काय करतात?"

"ते... ते संच घेतात."

आमच्या मागे एक बाई खुदकन हसली. तिच्या पोटाशी पट्ट्याने बांधलेलं तान्हं बाळ होतं. "मी घरी तीन संच ठेवलेत," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी चार नंबरचीच हरवते."

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. मग दुकानभर नजर फिरवली. गोदीत त्यांना खालच्या माणसांशी उंचावरून बोलावं लागे, तो आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"कुणाला क्रोशाची सुटी सुई हवीय?"

सगळं दुकान थांबलं.

"एक संच घेतोय. ज्याला जो नंबर हवा त्याने आपल्या वाट्याचे द्यावेत आणि घेऊन जावा. चार नंबर या ताईंना गेली!"

मॅनेजरचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "असं इथे चालणार नाही हं, आजोबा."

"का? संच घ्या म्हणालात, घेतला. आता माझा संच मी कुणाला देईन."

"दुकानात विक्री करता येणार नाही!"

"बरं. बाहेर करतो."

आणि खरंच, आम्ही गल्ल्यावर जाऊन तो संच घेतला. विक्रेतीने पावती देताना माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्ही चोरी करून चाललोय. दुकानाच्या बाहेर पायऱ्या होत्या, बाबा तिथे टेकले आणि पुठ्ठा मांडीवर घेऊन त्यांनी झाकण फाडलं. बाळवाली बाई मागोमाग आली. तिच्यामागे एक कॉलेजातली मुलगी, तिला बाहुल्या करायला अगदी बारीक सुई हवी होती. मग एक शिक्षिका. मग कुणीतरी नुसतंच बघायला. दरवान आला, पायऱ्या मोकळ्या करा म्हणाला, तर बाळवाली त्याला म्हणाली, "मी दम घेतेय, दिसत नाही का?" तो बिचारा लांब जाऊन उभा राहिला.

सगळं छान चाललं होतं. आणि मग जाड चष्म्याची एक म्हातारी आली, चालताना काठी टेकत, आणि म्हणाली, "पाच नंबर मला."

"पाच नंबर माझी," बाबा म्हणाले.

"तुमची कशाला?"

"विणायला."

"कोण, तुम्ही?" तिने चष्मा सरकवून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, आज घ्याल, उद्या टाकाल. ज्याला खरंच विणायचंय त्याला देऊन टाका की. माझी पाच नंबरची बसमध्ये राहिली, अर्धी शाल अडलीय माझी."

आत मॅनेजर बोलला तेव्हा बाबांना दमामुळे पुढे बोलता आलं नव्हतं. आता मात्र त्यांचे कान लाल झाले.

"का हो, बाई? मी विणलं तर सुई बाटते का?" ते म्हणाले. "आत तो म्हणतो पंधरा दिवस. तुम्ही म्हणता उद्या. घरी मुलगा म्हणतो गॅलरीत नको. अहो, मी इतकी वर्षं माणसांच्या डोक्यावरून लोखंड उचललं, एकाला ओरखडा आला नाही. तेव्हा कुणी विचारलं नाही की जमेल का. आणि या एवढ्याशा काडीला मी लायक नाही?"

बोलता बोलता त्यांना खोकला आला. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. खिशातून लोकर काढली (लोकर ते खिशातच ठेवायचे, पूर्वी जिथे सिगारेटचं पाकीट असे तिथे), पाच नंबरची सुई घेतली आणि तिथेच, पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर साखळी घालायला लागले. मग साखळीवर खांब. त्यांच्या जाड बोटांमध्ये सुई दिसतसुद्धा नव्हती. कुणी हसलं नाही. म्हातारी वाकून बघत होती.

ओळ संपली तशी तिने हात पुढे केला. बाबांनी विणलेला तुकडा नाइलाजाने तिला दिला. तिने तो ओढून पाहिला, चिमटीत धरून पाहिला.

"विणताय खरं," ती म्हणाली. "पण किती आवळता हो! हे काय विणलंय का बांधलंय?"

"चांगलं घट्ट आहे!"

"घट्ट नाही, ताठ आहे. पुढच्या ओळीला सुई आत शिरते का बघा."

शिरत नव्हती. बाबा ती बळेच खुपसत होते. मला आता कळलं, दवाखान्यातून आल्यावर त्यांचं मनगट का दुखायचं.

"तुमच्या हाताला पाच नंबर बारीक पडते," म्हातारी म्हणाली. "माझे यजमान असेच, पत्र लिहिलं तरी कागद फाटायचा. साडेपाच घेऊन बघा."

"त्या बाईंनी पाच सांगितलीय."

"त्या बाईंचा हात सैल असेल. नंबर हाताला बघून घ्यायचा, दुसऱ्याचं ऐकून नाही."

"म्हणजे तुमचं ऐकून घ्यायचा," बाबा फणकारले.

तेवढ्यावर शिक्षिका हसली आणि बाबांनाही हसू फुटलं, पण ते त्यांनी खोकल्यात लपवलं. पुठ्ठ्यावरून साडेपाचची काढून त्यांनी दुसरी साखळी घातली, परत खांब घातले. दुसऱ्या ओळीला सुई गेली. सहज गेली. त्यांनी आणखी एक टाका घातला, आणखी एक, आणि खांदे जरा खाली आले. विणताना ते खांदे वर ओढून बसतात हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"न्या तुमची पाच," ते म्हातारीला म्हणाले, डोकं वर न करता.

"नेणारच आहे," ती म्हणाली, आणि तिथेच त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. बसायला तिला बराच वेळ लागला.

शेवटी काही बारीक सुया उरल्या, त्या कुणालाच नको होत्या. आम्ही त्या घरी आणल्या. मी दुकानाबद्दल तक्रार लिहिली, त्याला अजून उत्तर नाही. मधे एकदा मुद्दाम जाऊन आले, तर तेच पुठ्ठे, तीच झाकणं. फक्त झाकणाची फट आता चिकटपट्टीने बंद केली होती. नख घालून बघायचीही सोय ठेवली नाही त्यांनी. मी चिकटपट्टी सोलून काढली आणि बाहेर पडले. मला काही पश्चात्ताप नाही.

बाबा रोज विणतात. पहिल्या कामाचं काय झालं ते विचारू नका, ते चौकोनी व्हायचं होतं. पण त्यांनी नंतर परत ओढली नाही. सासूबाई त्यांचे खिसे तपासत होत्या, ते आता बंद केलंय.

गॅलरीचा, म्हणजे लोकांसमोर विणण्याचा, प्रश्न तेवढा राहिला होता. तो परवा मिटला. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे घरी आले. बाबा सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले, मांडीवर करड्या रंगाचं काहीतरी रुंद रुंद पसरलेलं. मी चहा घेऊन आले तेव्हा नवरा त्यांच्या कानाशी वाकून हळू आवाजात म्हणत होता, "बाबा, ते जरा आत नेता का? थोडा वेळच."

बाबांनी हातातला टाका पूर्ण केला. मग हळू आवाजात नाही, नेहमीच्या आवाजात बोलले.

"मी सिगारेट ओढायचो तेव्हा इथेच बसून ओढायचो. तुझ्या मित्रांच्या तोंडावर धूर सोडायचो. तुझ्या आईला खोकला यायचा. तेव्हा तू मला कधी आत जा म्हणाला नाहीस."

नवऱ्याची मान खाली गेली. मला त्याची दया आली का? खरं सांगायचं तर नाही आली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

नवरा जाऊन बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसला. मग त्याने विचारलं, "काय करताय हे?"

"तुझ्या आईला शाल," बाबा म्हणाले, आणि सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याकडे वळले. "तुम्ही जरा उठता का? माझा लोकरीचा गुंडा तुमच्याखाली गेलाय."